रात्रीचे भाडे

सुगी आटोपली की आंदर मावळातली भातखाचरे मोकळी होतात. इंद्रायणी तांदळाचा पेंढा रचून झालेला असतो, जमीन टणक झालेली असते, बांध फोडून टेम्पो आत घेता येतो आणि पुढचे सहा महिने पावसाची फारशी धास्ती नसते. उघड्यावरच्या कार्यक्रमांचा हाच हंगाम. कान्हे फाट्यावरून आत वळून रेल्वेमार्ग आणि इंद्रायणी ओलांडली की लागणारे टाकवे बुद्रुक हे या खोऱ्याचे तोंड आहे. भोयरे, वडेश्वर, माळेगाव, खांडी अशा वरच्या गावांना जाणारी वाट इथूनच जाते. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला शेती, मधे वाढत चाललेले प्लॉटिंग आणि फार्महाऊस अशी या भागाची आजची ठेवण आहे. अशा ठिकाणी कुणी पडदा लावून सिनेमा दाखवायला, कंपनीचा वार्षिक मेळावा घ्यायला किंवा संस्थेचे संमेलन भरवायला मोकळी जागा भाड्याने मागतो, तेव्हा व्यवहार गुंठ्यांवर ठरतो. अमुक गुंठे, अमुक तास, पाणी आणि वीज वेगळी. जागेचा मालक पैसे घेतो, पाहुणे येतात, कार्यक्रम होतो, पाहुणे जातात. मला या व्यवहारातली मोजणीच चुकीची वाटते. भाडेकरूला मातीचे काही करायचे नसते. त्याला हवा असतो अंधार, हवी असते शांतता आणि हवा असतो गाडी येईल असा रस्ता. या तिन्ही गोष्टी सातबाऱ्यावर कुणाच्याही नावाने नाहीत. त्या साऱ्या गावाच्या आहेत. म्हणून उघड्यावरच्या कार्यक्रमाचे भाडे ठरवताना गावाचा शब्द आधी असावा, आणि त्या भाड्यातून गावाला स्वतःच्या रात्री मिळाव्यात, असे माझे म्हणणे आहे.

हे भावनेच्या भरात म्हटलेले वाटू नये म्हणून आधी अंधाराचा हिशेब मांडतो. वीस फूट रुंद आणि अकरा फूट उंच पडदा म्हणजे 220 चौरस फूट. दोन-तीनशे माणसांना तो पुरतो. त्यावर 5,000 ल्युमेनचा प्रोजेक्टर लावला तर कागदावर तरी चौरस फुटाला साधारण 23 ल्युमेन प्रकाश पडतो. बंदिस्त चित्रपटगृहात पडद्याची उजळता 14 फूट-लॅम्बर्टच्या आसपास राखतात. साध्या पांढऱ्या कापडावर हे दोन आकडे जवळजवळ एकाच मापाचे धरता येतात. म्हणजे यंत्र कमी पडत नाही. कमी पडतो तो काळोख. चौकातल्या हायमास्ट दिव्याचा वीस-एक लक्स उजेड जरी पडद्यावर पोचला, तरी चित्रातले काळे काळे राहत नाही, राखाडी होते. नटाच्या डोळ्यांखालची सावली, रात्रीच्या प्रसंगातले घर, विहिरीचा काठ हे सगळे त्या राखाडीत विरून जाते. पौर्णिमेचे चांदणे एक लक्सही भरत नाही, त्याचा त्रास नाही. त्रास दिव्याचा आहे. म्हणून चांगला आयोजक जागा पाहायला दिवसा येत नाही, रात्री येतो, आणि पहिला प्रश्न विचारतो तो खांबावरच्या दिव्याचा. तो दिवा तीन तास बंद ठेवायचा की नाही हे शेताचा मालक ठरवू शकत नाही. तो ग्रामपंचायतीचा दिवा आहे आणि त्याच्या खालून कामावरून सुटलेली बाई एकटी घरी जात असते.

शांततेचे तर थेट कायद्यात माप आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलने जास्त किंवा 75 डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. आता मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. पडद्याशेजारचे भोंगे दहा मीटरवर 85 डेसिबल देत असतील, तर निवासी भागासाठी हद्दीवर हवे असलेले 65 डेसिबल यायला शंभर मीटर लागतात आणि 55 वर यायला तीनशेहून अधिक. डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, थंडीच्या रात्री, पाण्यावरून जाणारा आवाज याहूनही लांब ऐकू येतो. मैदान एका एकराचे असले तरी आवाज शेजारच्या पाच शेतांत, वाडीवरच्या गोठ्यात आणि रात्रपाळीसाठी दुपारपासून झोपलेल्या कामगाराच्या खोलीत जातो. भाडे मात्र त्या एका एकराचेच आकारले जाते. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: पडद्याजवळ दोन मोठे मनोरे उभे करण्याऐवजी प्रेक्षकांच्या मधे सहा-आठ लहान स्पीकर कमी आवाजात ठेवायचे. ऐकणाऱ्याला स्पष्ट ऐकू येते, हद्दीपलीकडे फार कमी जाते. पण हा उपाय आयोजक आपणहून करत नाही. ज्याच्या झोपेची किंमत आहे त्याने ती अट घालावी लागते.

रात्र भाड्याने देण्याची गोष्ट नवी आहे असे समजायचे कारण नाही. आपल्याकडे सिनेमाच मुळी उघड्यावर आणि तंबूत वाढला. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली तेव्हा दाखवायला आजच्यासारखी चित्रपटगृहे नव्हती. अब्दुलअली इसूफअली यांनी 1901 पासून आग्नेय आशियात आणि पुढे हिंदुस्थानात शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद तंबू घेऊन खेळ केले. त्यात हजार माणसे मावत. हेच गृहस्थ पुढे अर्देशीर इराणींच्या जोडीने मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरचे मालक झाले आणि 1931 साली ‘आलम आरा’ तिथेच लागला. दादासाहेब फाळक्यांचे चित्रपट बैलगाडीतून गावोगाव गेल्याचे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पुढे जत्रांमधून टूरिंग टॉकीजचे तंबू फिरले. त्यांच्या अखेरच्या दिवसांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला, तो महाराष्ट्रातल्या तंबूंचाच आहे. आणि शहरात गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर पांढरे कापड ताणून 16 मिलिमीटरच्या यंत्रावर सिनेमा दाखवण्याची चाल कैक वर्षे होती. कापडाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसत. मागच्या बाजूच्यांना नायक डावखुरा दिसे.

पण या सगळ्यापेक्षा माझ्या मुद्द्याला जवळचा दाखला सिनेमाचा नाही, तमाशाचा आहे. याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला, जत्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, फडाची चौकशी करतात, तारीख पाहतात, सुपारीची रक्कम ठरवतात आणि इसार देऊन परततात. पैसे लोकवर्गणीचे असतात. असा सुपारीचा तमाशा गावात आला की फडमालकाकडून जागेचे भाडे घेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण यजमान गाव असते. तोच फड स्वतःचा तंबू ठोकून, कनात लावून, तिकीट लावून खेळ करतो तेव्हा हिशेब फिरतो: आता धंदा फडाचा, जागा गावाची, म्हणून जागेचे पैसे फडाने मोजायचे. म्हणजे आपल्या गावांना हा फरक फार पूर्वीपासून कळतो. जिथे गाव यजमान आहे तिथे पटांगण फुकट, जिथे गाव बाजार आहे तिथे पटांगणाला दाम. या दोन वह्या वेगळ्या ठेवण्याची अक्कल कुणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही. गेल्या काही वर्षांत मावळात जे घडते आहे त्यात मात्र दुसरी वही खासगी झाली आणि पहिली हळूहळू मिटत चालली. पवना धरणाच्या काठच्या कॅम्पिंगच्या जाहिराती पाहाव्यात: तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, गाणी आणि पडद्यावर सिनेमा, सगळे एका पॅकेजात. त्या पडद्यासमोर बसायला काठावरच्या गावातल्या मुलाला मुभा असतेच असे नाही. आंदर मावळातही ठोकरवाडीच्या पाण्याकडे तीच ओढ आहे.

या खोऱ्याला हे एकदा नीट आठवावे लागेल. ठोकरवाडीचा जलाशय टाटांच्या वीजप्रकल्पाचा. त्याचे पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजगृहात जाते आणि 1922 पासून ती वीज मुंबईकडे जाते आहे. शंभर वर्षांपूर्वी खोऱ्याने उजेड दिला. आता मुंबई-पुण्याची माणसे इथे येतात ती शहरात न उरलेला अंधार शोधत. ही मागणी वाईट नाही. शहरातल्या माणसाला तारे पाहावेसे वाटावेत, मुलांना घेऊन गवतावर बसून सिनेमा बघावासा वाटावा, यात हरकत घेण्यासारखे काय आहे? प्रश्न एवढाच की या वेळी दर कोण ठरवणार.

माझ्या डोळ्यांपुढे असलेली व्यवस्था साधी आहे. ग्रामसभेत एक दरपत्रक मंजूर व्हावे आणि ते पंचायतीच्या भिंतीवर लागावे. त्यात वर्षातल्या काही रात्री आधीच गावाच्या नावावर राखून ठेवाव्यात: जत्रा, हरिनाम सप्ताह, जिल्हा परिषद शाळेचे स्नेहसंमेलन, बचत गटांचा मेळावा आणि महिन्यातून एक सिनेमा. या रात्रींना भाडे नाही, फक्त साफसफाईची अनामत. तालुक्यातल्या संस्थांना, वाचनालयांना, नाटक मंडळींना खर्चापुरता दर. कारखाने, कंपन्या आणि बाहेरचे आयोजक यांना पूर्ण दर. समजा पूर्ण दराच्या एका रात्रीचे 15,000 रुपये आले, तर प्रोजेक्टर, लहान स्पीकर आणि पाच केव्हीएचा जनरेटर भाड्याने आणून गावाची एखादी मोफत रात्र त्यातून निघू शकते. खासगी शेतात कार्यक्रम होणार असेल तर तिथेही पंचायतीचा ना-हरकत दाखला कोरा नसावा; वेळ, आवाज, गाड्यांची संख्या, कचरा आणि शौचालये यांच्या अटी त्यावर लिहिलेल्या असाव्यात. औद्योगिक वसाहतीतल्या खोल्यांत राहणारी विदर्भ-मराठवाड्यातली, उत्तरेकडची मुले ही गावाचीच माणसे धरावीत. रविवारची संध्याकाळ घालवायला त्यांना टपरीखेरीज जागा हवी आहे, आणि पडद्यासमोर शेजारी बसलेल्या माणसाची ओळख लवकर होते.

यावर पहिली हरकत शेतकरी घेईल, आणि ती मला सर्वांत वजनदार वाटते. भाताला मिळणाऱ्या भावावर घर चालत नाही, जमीन विकली नाही म्हणून तर आज भाड्याने द्यायला आहे, आणि आता त्यातही पंचायत हात घालणार? हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच खासगी भाड्यात पंचायतीने वाटा मागावा असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याचे भाडे शेतकऱ्याचे. गावाने फक्त अटी घालाव्यात, आणि त्या अटींचा फायदा शेवटी त्यालाच आहे. आज खोऱ्यात एका शेतावर मध्यरात्रीपर्यंत डीजे वाजला की दुसऱ्या आठवड्यात पोलीस सगळ्याच शेतांवर येतात, आणि शांतपणे सिनेमा दाखवणाराही त्यात भरडला जातो. लिखित नियम असले की सरळ धंदा करणाऱ्याला ते दाखवता येतात. शिवाय सगळ्यांना एकच अट असली की पाहुणा भाव पाडायला ‘पलीकडचा रात्री दोनपर्यंत देतो’ असे म्हणू शकत नाही.

दुसरी हरकत उलट दिशेने येते: सामायिक जागा भाड्याने द्यायला लागलात की ती गेलीच म्हणून समजा. हिलाही आधार आहे. गावाच्या सामायिक जमिनी गिळंकृत होण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी कडक शब्द वापरले आणि राज्यांना अतिक्रमणे काढण्याच्या योजना करायला सांगितले. म्हणून एका रात्रीचे भाडे आणि वर्षांचा भाडेपट्टा यांत भिंत असली पाहिजे. पटांगणावर पक्का मंच नको, कायमचे कुंपण नको, कुणा कंपनीच्या नावाची कमान नको, एकाच आयोजकाला सलग रात्री नकोत. सकाळी मुले क्रिकेट खेळायला आली तेव्हा आदल्या रात्रीची खूण म्हणून फार तर खुंटीचे भोक दिसावे. आणि गायरान या कामासाठी वापरूच नये. गावठाणातले पटांगण, शाळेच्या वेळेबाहेर शाळेचे मैदान, एवढ्यावर भागते.

हातात मोबाइल असताना कोण येणार, असेही विचारले जाईल. मोबाइलवर सिनेमा एकट्याने बघितला जातो, आणि खोऱ्यातल्या घरात तो मोबाइल बहुतेक वेळा पुरुषाच्या किंवा मुलाच्या हाती असतो. वाडीवरच्या म्हातारीला आणि कातकरी वस्तीतल्या पोरीला पडदा मिळतो तो उघड्यावरच. आंदर मावळातून तळेगावला किंवा पिंपरी-चिंचवडला जाऊन मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा पाहायचा तर तिकिटापेक्षा जाण्यायेण्याचा आणि रात्री परतायच्या गाडीचा विचार आधी करावा लागतो. एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

कायद्याची किचकट वाट ही मात्र खरी अडचण आहे आणि ती लपवून उपयोग नाही. तिकीट असो वा नसो, लोकांना जाहीरपणे दाखवायच्या सिनेमाला 1952 च्या कायद्याप्रमाणे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात चित्रपट दाखवण्याच्या जागेचे नियमन 1953 च्या अधिनियमाखाली होते, आणि परवान्याचा रस्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीतून जातो. घरातल्या टीव्हीसाठी घेतलेल्या ओटीटी खात्यावरून पटांगणात सिनेमा लावणे हे हक्कभंगात मोडते; खाते घरासाठी असते, गावासाठी नाही. मंडळाच्या पोरांना हे ठाऊक नसते आणि नोटीस आली की मंडळच घाबरून बंद पडते. नेमके इथेच वेगवेगळ्या मंडळांपेक्षा पंचायत बरी. एकदा अर्जांचा नमुना तयार झाला, वडगावला तहसील कचेरीत आणि हद्दीच्या पोलीस ठाण्यात कोणता कागद लागतो हे भिंतीवर लागले, की दर वेळी नव्याने धावपळ नको. सिनेमांचा साठाही आहे. बालचित्रपट समिती 1955 पासून मुलांसाठी चित्रपट काढत होती. 2022 मध्ये ती एनएफडीसीत विलीन झाली आणि फिल्म्स डिव्हिजनसह तो सगळा ठेवा आता एका ठिकाणी आहे. परवानगी मागायला एकच दार आहे हे लहान गावाला सोयीचे. ज्या चित्रपटांची प्रदर्शनानंतरची साठ वर्षे उलटली त्यांचा हक्काचा प्रश्नही बहुतांशी सुटतो. मात्र नव्याने दुरुस्त केलेली प्रत वापरायची तर तिच्या मालकाला विचारलेले बरे.

सुरक्षिततेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण भाड्याच्या जागेत जबाबदारी नेहमी दुसऱ्याची असते. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवालीत एका शाळेचा वार्षिक समारंभ भाड्याच्या मंगल कार्यालयात, कृत्रिम कापडाच्या मांडवाखाली चालू होता. आग लागली आणि चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत बहुसंख्य मुले. कापड पेटणारे आणि माणसांना बाहेर पडायला पुरेशी वाट नाही, एवढे दोन दोष पुरले. उघड्यावरच्या सिनेमाला छत नसते ही मोठी जमेची बाजू. ती कनाती लावून घालवू नये. जनरेटर प्रेक्षकांपासून लांब, तारा पायवाटेवरून न नेता उंचावरून किंवा पुरून, आणि अर्थिंग तपासलेले. मार्गशीर्ष-पौषात दहिवर पडून यंत्रे आणि जोड ओले होतात, तेव्हा हे आणखी महत्त्वाचे. आणि आपल्याच तालुक्यातला धडा अजून ताजा आहे. 15 जून 2025 च्या रविवारी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार माणसे गेली. जागा सुंदर होती, लोक सुट्टीचे आले होते, आणि एका वेळी किती माणसे पुलावर जावीत हे पाहणारे कुणी नव्हते. टाकव्यालाही पूल ओलांडूनच यावे लागते. म्हणून मैदानात किती माणसे मावतात यावरून संख्या ठरवू नये. अर्ध्या तासात किती गाड्या बाहेर पडू शकतात, आणि त्याच वेळी वरच्या वाडीवरून बाळंतपणाची बाई घेऊन येणाऱ्या गाडीला वाट मिळते का, यावरून ठरवावी. ही अट फक्त गावच घालू शकते. बाहेरच्या आयोजकाला त्या बाईची गाडी माहीत नसते.

राहता राहिला दहाचा नियम, आणि त्यात गावाला स्वतःशीही प्रामाणिक राहावे लागेल. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकते. ते दिवस बहुधा मोठ्या उत्सवांनाच जातात. बाकीच्या रात्री सिनेमाला दहा आणि कीर्तनाला अकरा असा भेद कायद्यात नाही. पाहुण्यांवर घातलेली अट सप्ताहाच्या भोंग्यालाही लागू केली तरच तिला वजन येते. आणि दहाचे बंधन वाटते तितके जाचक नाही. डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पावणेसातला पडदा उजळू शकतो, म्हणजे सव्वातीन तास हाती. मेअखेर सूर्यास्त सातनंतर, काळोख पावणेआठला. मग सव्वादोन तासच उरतात, आणि सिनेमा त्या बेताने निवडावा लागतो.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 सालचा. साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. आणि त्यातली इंद्रायणी टाकव्याच्या अंगणातून वाहत देहूला जाते. त्याची लांबी 131 मिनिटे. मे महिन्यातल्या रात्री पावणेआठला तो सुरू केला, तर नऊ वाजून छप्पन मिनिटांनी संपतो. उरलेल्या चार मिनिटांत स्पीकर बंद करायचे आणि हायमास्ट परत लावायचा, म्हणजे माणसांना उजेडात चपला सापडतील.